कापसाच्या सहा चौकटी

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आणि चार महिन्यांत त्यांनी बोलणंच सोडलं. हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही सांगितलं असतं तर तो हसला असता. उरणकडच्या खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म गेला. सासरे होडी घेऊन समुद्रात जायचे आणि आलेली मासळी या बाजारात बसून विकायच्या. गिऱ्हाईक पापलेटच्या भावावरून कुरकुरायला लागलं की त्यांचा आवाज बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. लग्न होऊन मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा मला त्यांची चक्क भीती वाटली होती. मी पनवेल गावातली. वडील सरकारी कचेरीत, घरात सगळेच हळू बोलणारे. त्या मला ‘बाय’ म्हणायच्या, मी त्यांना ‘आई’ म्हणायचे, आणि त्यापलीकडे आमच्यात फारसं बोलणं कधी झालंच नव्हतं.

सासरे गेल्यावर त्या वर्षभर एकट्या राहिल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि नवऱ्याने त्यांना नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. आम्हीही तिथे नुकतेच आलो होतो. अकरावा मजला, मोठ्ठा हॉल, आरशासारख्या चकचकीत फरश्या, एका बाजूला भिंतभर काचेची सरकती दारं. मोकळं मोकळं वाटावं म्हणून आम्ही त्यात एक सोफा, एक जेवणाचं टेबल आणि टीव्ही एवढंच ठेवलं होतं. पडदेसुद्धा लावले नव्हते, कारण हवा स्वच्छ असली की काचेतून लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, “वा, काय मस्त हॉल आहे!”

त्या मस्त हॉलमध्ये सासूबाई एखाद्या पाहुण्यासारख्या बसायच्या. सुरुवातीला त्या गप्पांमध्ये यायच्या, पण त्यांची उत्तरं भलतीच असायची.

“आई, चहा टाकू?” मी विचारायचे.

“शनिवारी,” त्या म्हणायच्या.

जेवताना नवरा बंदरावरची गंमत सांगायचा, आम्ही दोघं हसायचो आणि त्याही हसायच्या, पण आमच्यानंतर, आमच्या तोंडाकडे बघून. पुढे तेही बंद झालं. ताट घेऊन त्या त्यांच्या खोलीत जाऊन जेवायला लागल्या. त्यांच्या उजव्या कानात यंत्र होतं, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. गावी ते यंत्र लावून त्या व्यवस्थित भांडत होत्या, त्यामुळे कानाचा दोष असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

माझा नवरा बंदरात क्रेन चालवतो. एके दिवशी पाळीवरून आला, आईच्या खोलीचं दार लोटलेलं पाहून माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, “अगं, आईचं डोकं चालेनासं झालंय का? काल मी विचारलं, मामाचा फोन आला होता का, तर म्हणते, नाय, दूध संपलंय.”

मलाही तेच वाटत होतं. त्याने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. महिन्याभरानंतरची मिळाली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. त्या माझ्या पाठीमागे पलंगावर होत्या. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावाहून येताना त्यांनी दोन जाडजूड कापसाच्या गाद्या आणल्या होत्या, त्या कोपऱ्यात रचलेल्या. त्यावर गोधड्या, त्यावर लुगड्यांची गाठोडी. घड्या घालता घालता मी स्वतःशीच पुटपुटले, “यंदा चांगले सुके बोंबील कुठून आणायचे कोण जाणे.”

“माजी भैन देल ना,” मागून लगेच उत्तर आलं. “तिच्या गावाला, करंज्याला सांगावा धाड.”

माझे हात थांबले. मी पाठमोरी होते. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. बोलले होते तेही तोंडातल्या तोंडात. मी तशीच, न वळता, अजून हळू आवाजात विचारलं, “आणि जवळा?”

“जवला पन देल. पन तिचा जवला वालूचा असतो, निवडून घे.”

मी उठले, हॉलमध्ये गेले आणि त्यांना बाहेर बोलावलं. सोफ्यावर बसवलं, समोर उभी राहिले आणि स्पष्ट शब्दांत विचारलं, “आई, बोंबील किती मागवायचे?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओशाळून म्हणाल्या, “गेला ना तो, सकालीच गेला.”

मी जोरात एक टाळी वाजवली. त्या दचकल्या. पण टाळी संपली नाही. काचेवरून भिंतीवर, भिंतीवरून काचेवर अशी ती टण्‌टण्‌टण्‌ करत राहिली, पत्र्यावर खडे पडावेत तशी. मी खारघरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. ध्वनीचे प्रयोग मांडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. आणि माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये आवाज असा घुमतोय हे मला चार महिन्यांत कळू नये! मला इतकी लाज वाटली की मी त्यांना तिथेच सोडून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कानाचं यंत्र लावून देणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी यंत्र तपासलं, कान तपासला. यंत्र ठीक होतं आणि कानही पूर्वीपेक्षा बिघडला नव्हता. मग मी हॉलचं वर्णन केलं तेव्हा त्या म्हणाल्या, “यंत्र आवाज मोठा करतं. पण तुमचा शब्द कुठला आणि त्याचा घुमारा कुठला, हे त्याला कळत नाही. ते दोन्ही मोठं करतं. आपल्या कानांना सवयीने वेगळं करता येतं, यांना नाही येत. घरात मऊ सामान वाढवा.”

हे घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, “म्हणजे दोष आईचा नाही, हॉलचा?”

“हो.”

“कर मग काय करायचं ते. पण डॉक्टरची वेळ मी रद्द करणार नाही.”

माझ्या हातात महिना होता, त्यातले आठ दिवस मी वाया घालवले. कॉलेजातल्या कोणीतरी सांगितलं की भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज घुमत नाही. मी नाक्यावरच्या अंडीवाल्याकडून चाळीस ट्रे आणले आणि सोफ्यामागची अख्खी भिंत भरून टाकली. टाळी वाजवली. टण्‌टण्‌ जेमतेम बोथट झालं होतं. सासूबाई दारातून बघत होत्या.

“ह्ये घर हाय का कोंबड्यांचं खुराडं?” त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या, म्हणून मला त्यातही बरं वाटलं. ट्रे मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकले.

मग मात्र मी शिस्तीत वाचायला बसले. आवाज गिळायला खरबरीत भिंत पुरत नाही. जाड, मऊ आणि हवा आरपार जाईल असं काहीतरी लागतं. स्टुडिओवाले खनिज लोकरीचे, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे, जाड पट्टे लाकडी चौकटीत बसवतात आणि वरून कापड ताणतात. तळोज्याच्या एका व्यापाऱ्याला फोन केला, तर तो अख्खा टेम्पो भरून माल घ्या म्हणाला, आणि हातमोजे घालून हाताळा, अंगाला खाज सुटते, असंही म्हणाला. घरात म्हातारं माणूस, त्यामुळे तो विचार सोडला. वाचताना एका ठिकाणी कापसाचा उल्लेख सापडला आणि माझी नजर आपोआप सासूबाईंच्या खोलीकडे गेली. ती खोली घुमत का नव्हती? कोपऱ्यात दोन जाडजूड कापसाच्या गाद्या होत्या म्हणून.

मी त्यांच्याजवळ पलंगावर जाऊन बसले. “आई, तुमच्या गाद्या फोडल्या तर चालतील?”

“कशाला?”

मी सगळं सांगितलं. आवाज काचेवर आपटून कसा परत येतो, एकच शब्द चार-चार वेळा कानात कसा शिरतो, यंत्राचा त्यात कसा घोटाळा होतो. त्या ऐकत होत्या. माझं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे मी येडी नाय झाले?”

“नाही हो, आई.”

“मना वाटलं, डोकं गेलं. तुमी बाहेर बोलता तवा सगल्यांचे शब्द एकमेकांत गुततात. कुनाचा कुठला काय समजत नाय. म्हनून मी आत येऊन बसते.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुढच्याच क्षणी त्यांचा बाजारातला सूर परत आला. “फोड गाद्या. दोनी फोड.”

लाकूड मी लाकडाच्या वखारीतून आणलं. पेट्या बनवायला वापरतात ते हलकं पाइन, तीन इंच रुंद. चार फूट बाय दोन फुटांची एक अशा सहा चौकटी करायच्या होत्या. बाल्कनीत स्टुलावर पाय ठेवून मी करवत चालवली. पहिल्या चौकटीचे कोपरे असे काही जुळले की ती भिंतीला टेकवल्यावर तिरकी मान करून बघतेय असं वाटावं. दुसरी बरी झाली. तिसरीपासून हात बसला. पहिली चौकट सरळ करून मी तिच्यात कापूस भरला, वरून जुनी चादर ताणून ठोकली आणि सोफ्याच्या वर टांगली. स्वतःवर फार खूश होऊन झोपले.

चौथ्या दिवशी बघते तर कापूस सगळा खाली उतरलेला. वरचा अर्धा भाग रिकामा आणि खाली भलंमोठं पोट. सासूबाई समोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि हसायलाच लागल्या. त्या हॉलमध्ये त्यांना खळखळून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

“पोटुशी हाय ग तुजी फली!”

मला रडू यायच्या बेतात होतं. डॉक्टरांच्या भेटीला सतरा दिवस उरले होते.

“कापूस असा उभा रात नाय,” त्या म्हणाल्या. “त्याला धरून ठेवाया कायतरी पायजे. पोराला सांग, गावातून जुनं जालं आन म्हनावं. फाटकं चालल.”

नवऱ्याने चुलतभावाकडून नायलॉनचं जुनं जाळं आणलं. दोन दिवस बादलीत घालून धुतलं तरी खाडीचा वास पुरता गेला नाही, पण वाळल्यावर चालण्यासारखं झालं. सासूबाई जमिनीवर चौकट घेऊन बसल्या. जाळं कापून त्यांनी चौकटीच्या पाठीला ताणून बांधलं. त्यावर कापूस पसरला, हाताने पिंजून, गाठ राहू न देता. वरून दुसरं जाळं ताणलं. आणि मग जाळी विणायची सुई घेऊन दर वितीवर आरपार दोरा ओढून पुढचं जाळं मागच्याला गाठवलं. कापसाचे छोटे छोटे कप्पे झाले. मी चौकट उभी करून हलवली, आपटली, उलटी धरली. कापसाचा पुंजकाही हलला नाही.

“मना पण शिकवा,” मी म्हणाले, आणि आपण त्यांच्या बोलीत बोलून गेलो हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी माझा अंगठा धरून गाठ मारून दाखवली. माझी गाठ दरवेळी सुटायची. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती तरी सरसर चालत होती. रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की आम्ही दोघी त्यांच्या खोलीत बसायचो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्या पंधरवड्यात त्या माझ्याशी जितकं बोलल्या तितकं आधी कधीच बोलल्या नव्हत्या. सासरे एकदा वादळात दोन दिवस परतले नव्हते तेव्हा त्यांनी काय केलं, तेही मला तेव्हाच कळलं. त्या बाजारात जाऊन बसल्या होत्या. “घरी बसून काय करनार? तितं चार बाया होत्या.”

आता वरचं कापड राहिलं. माझ्या डोक्यात त्यांची जुनी सुती लुगडी होती. मी भीत भीत विषय काढला.

“माजी लुगडी भिंतीला टांगतंस?” त्यांनी डोळे वटारले. “मी मेल्यावर टांग.”

म्हणून आम्ही पनवेलच्या बाजारात कापडाच्या दुकानात गेलो. कापड निवडायची परीक्षा मी त्यांना आधीच सांगितली होती. तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा सहज पलीकडे गेली तर आवाजही जातो आणि कापसापर्यंत पोचतो. हवा अडली तर ते कापड बाद. सासूबाईंनी हे फारच मनावर घेतलं. दुकानदाराने गठ्ठा उलगडला की त्या वाकून, गाल फुगवून अशी फुंकर मारायच्या की पलीकडे धरलेला माझा हात गार पडायचा. तीन-चार गठ्ठे झाल्यावर दुकानदाराला राहवलं नाही.

“मावशी, काय करताय? कापडावर थुंकी उडतेय!”

“थुकत नाय रे, फुकते. ह्यातून वारा जात नाय, ठेव तो बाजूला. दुसरा दाव.”

दुकानातल्या बाकीच्या बायका वळून बघायला लागल्या. मी कारण सांगितल्यावर त्यांतली एक स्वतःच्या पसंतीच्या कापडावर फुंकर मारून बघायला लागली. शेवटी दुकानदारानेच आतून जाडसर विणीचं, मडक्याच्या रंगाचं खादीसारखं कापड काढून दिलं. सासूबाईंनी फुंकलं आणि मान डोलावली. “ह्ये बरोबर हाय.”

डॉक्टरांच्या भेटीला तीन दिवस असताना नवऱ्याला सुट्टी मिळाली. त्याने ड्रिल काढलं. सोफ्यामागच्या भिंतीवर दोन, समोर टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन आणि जेवणाच्या टेबलापाशी दोन अशा जागा मी खडूने आखून ठेवल्या होत्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. चौकटी भिंतीला थेट टेकवायच्या नव्हत्या. मागे दोन इंच पोकळी राहावी म्हणून मी लाकडाचे ठोकळे कापले होते. पोकळी ठेवली की तोच कापूस जास्त आवाज शोषतो. काचेच्या दारांना जाड पडदा लावला, दिवसा बाजूला सारता येईल असा. दुपारी काम आटोपलं. सहा चौकटी लागल्या. हॉल छान दिसत होता हे मला मान्य करायलाच हवं.

मी हॉलच्या मध्यभागी उभी राहून टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि संपली. एवढंच. टण्‌टण्‌ नाही, शेपूट नाही. आपले कान एकदम उशीत खुपसल्यासारखं वाटलं. नवऱ्यानेही टाळी वाजवून बघितली, मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन अजून एक. त्याला विश्वास बसत नव्हता, पण ते कबूल करायचं नव्हतं. तो पाठ करून ड्रिल पिशवीत भरायला लागला आणि पुटपुटला, “एवढी भोकं पाडली नव्या भिंतीला.”

“पाडलीस तर पाडलीस,” सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. “शाळंत असताना घराच्या दाराला खिलं ठोकलंस तवा नाय काय वाटलं?”

नवरा तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू वळला. आईपासून तो दहा-बारा फूट लांब होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मला हसू येत होतं. तो आईच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “आई, मामाचा फोन आला होता का?”

“आलता. त्याच्या पोरीचं लगीन ठरलं. मी कदीची सांगतेय, तुमी ऐकता कवा?”

डॉक्टरांची वेळ त्याने त्याच दुपारी फोन करून रद्द केली.

खरी परीक्षा मात्र पुढच्या रविवारी झाली. सासूबाईंनी बाजारातल्या त्यांच्या चार मैत्रिणींना जेवायला बोलावलं. आधी त्या बोलवायला तयारच नव्हत्या, आपली फजिती होईल म्हणून. आता त्यांनी स्वतःच फोन केले. चौघी उरणहून बसने आल्या, केसांत फुलं माळून, हातात कोलंबीची आणि खेकड्यांची पिशवी घेऊन. आल्या त्याच बोलत आल्या. चौघीही एकाच वेळी बोलत होत्या, कोणीही थांबत नव्हतं आणि तरी प्रत्येकीला प्रत्येकीचं कळत होतं. मी रश्शाला वाटण लावत होते, पण माझा सगळा जीव हॉलमध्ये होता. यंत्र लावलेल्या कानाला याहून कठीण काही नसतं, हे मला त्या कानाच्या बाईंनी सांगितलं होतं.

चौघींतली सर्वांत ठेंगणी होती तिने शेजारणीच्या कानाला लागून म्हटलं, “हिची सून भिंतीला गाद्या टांगते. बरी हाय ना ती?”

सासूबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. “बरी हाय माजी सून!” त्या कडाडल्या. “तिच्यामुले तुजा आवाज मना ऐकू आला. नायतर चार म्हयने सुखात होते!”

आणि मग पाचही जणी अशा हसल्या की ठेंगणीच्या डोक्यातलं फूल खाली पडलं. त्यानंतर कुठल्याशा जुन्या बाजाराच्या दिवशी कोलंबीची पाटी कोणी कोणाच्या जागेवर ठेवली होती यावरून भांडण निघालं. तासभर चाललं. सासूबाईंनी एकेकीचा मुद्दा ऐकून खोडून काढला आणि शेवटी ठेंगणीनेच हात जोडले. सोफ्याच्या काठावर बसलेल्या सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घाम होता. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभी होते. हळू बोलणाऱ्या घरातून आलेली मी, पण तेवढा छान गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता.

जेवण झाल्यावर चौघींनी एक चौकट भिंतीवरून उतरवून तिची पाठ बघितली. जाळं कोणी बांधलं हे त्यांना विचारावं लागलं नाही. एकीने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा कोपरा तुजा नाय.”

“सुनेचा हाय,” सासूबाई म्हणाल्या. “शिकल.”

त्यानंतर आमच्या इमारतीत कुणाकुणाचे हॉल घुमतात ते हळूहळू बाहेर यायला लागलं. नवव्या मजल्यावरच्या एका आजोबांसाठी आम्ही चार चौकटी केल्या. मग सोसायटीच्या सभागृहाची पाळी आली. तिथे तर माइक लावला तरी कोणाला काही कळायचं नाही आणि प्रत्येक सभा आरडाओरड्यात संपायची. दहा चौकटी लागल्या. लाकूड मी कापलं, कापूस चार घरांतून गोळा झाला आणि जाळी बांधायला मजल्यामजल्यावरच्या बायका आमच्या हॉलमध्ये जमल्या. मधोमध सासूबाई बसलेल्या, गाठ चुकली की सुई हातातून काढून घेणाऱ्या.

सभागृहातल्या पहिल्या सभेला त्या इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. मजल्यांवर पाणी कधी सोडायचं यावर चर्चा चालू होती. सेक्रेटरी म्हणाले, सकाळी सहाला सोडू. त्या हात वर करून उभ्या राहिल्या.

“सहाला नाय. साडेपाचला. पयल्या पालीवर जानाऱ्यांनी आंघोल कशी करायची?”

सगळ्यांनी वळून बघितलं. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “बरोबर आहे मावशींचं.”

सासूबाईंनी मागे न वळताच मान हलवली आणि खाली बसल्या. सेक्रेटरींनी वहीत साडेपाच लिहिलं.